हायफाँगची घरघर आणि सायगॉनचा पंखा

हायफाँग, ८ फेब्रुवारी २००४

तुओंग काकांना मिएनचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोनच केला असता, पण तो बाबांच्या उशाशी असतो आणि हे त्यांच्या कानावर जाता कामा नये. आईला माहीत आहे. तिनेच तुमचा पत्ता शोधून दिला आणि म्हणाली, "विचार त्याला, पण तो सांगेल त्यातलं अर्धंच ऐक." जसंच्या तसं कळवतेय, राग आला तर तिच्यावर काढा.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबांच्या उजव्या हातात अजून जोर आलेला नाही. चमचा धरतात, पण सोल्डरची कांडी धरली की हात थरथरतो. दुकानात मी बसते. रेडिओ, पंखे, गरम न होणारी इस्त्री असलं किडूकमिडूक येतं. व्हॉल्व्हचे अँप्लिफायर मात्र कुणी आणत नाही, माझ्याकडे बघतात आणि "बाबा बरे झाले की येतो" म्हणून पिशवी परत नेतात. आणि क्वेतदादाने डोक्यात घेतलंय की दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची. परवा त्याने भिंतीवर खडूने खुणासुद्धा केल्या, कुठला रॅक कुठे येणार म्हणून.

तेतच्या, नव्या वर्षाच्या जेवणात यावरून आमची जुंपली. बाबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि निकालच देऊन टाकला. मी एक सेट पहिल्या तारेपासून स्वतः बांधायचा आणि २८ मार्चला अँप्लिफायरवाल्यांच्या मेळाव्यात मांडायचा. सकाळी लावायचा तो संध्याकाळी बंद करायचा. घरघर आली तर दुकान दादाचं, नाही आली तर माझं. आणि सेट हेडफोनचा हवा. "मोठ्या भोंग्यात घरघर लपते," म्हणाले, "कानाला लावलेल्यात लपत नाही." तेव्हापासून या विषयावर तोंडातून चकार शब्द काढत नाहीत.

सेट बांधून झालाय, काका. रशियन व्हॉल्व्ह, बाबांनी जपून ठेवलेला ट्रान्सफॉर्मर आणि तुम्ही मागच्या वर्षी पाठवलेली सोल्डरची पेस्ट. पेस्ट फारच छान, एकेक टाका आरशासारखा चमकतोय. पहिले आठ दिवस आवाज असा होता की मी एकटीच हसत बसायचे. आणि आता सकाळी लावला की घरघर. व्हॉल्व्हना दोनशे व्होल्ट पोचायला हवेत, मीटर दीडशे दाखवतो आणि काटा डुलत राहतो. दीड-दोन तास तसाच चालू ठेवला की हळूहळू दोनशेवर येतो आणि काही झालंच नाही असा गाऊ लागतो. म्हणजे दोष पॉवर सप्लायमध्ये आहे, एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही.

बाकी इथे नोमची दमट हवा सुरू झालीय. फरशीला घाम फुटलाय, आई दिवसभर पोछा मारते आणि माझी एक विजार सोमवारपासून ओलीच आहे. काकूंना नमस्कार.

मिएन

०

सायगॉन, १४ फेब्रुवारी

मिएन पोरी,

तुझ्या आईला सांग, पूर्ण ऐकलं असतं तर आज दुकानाच्या तीन शाखा असत्या.

तुझं पत्र मी न्हात ताओ बाजारात माझ्या टपरीवर उभ्या उभ्या वाचलं आणि दुसऱ्या पानावर यायच्या आत रोग ओळखला. कंडेन्सर! थंड असताना मरगळलेले असतात, तापले की अंगात येतं. माझा मेहुणा असाच आहे, पहिला कॉफीचा पेला पोटात जाईपर्यंत माणसात नसतो. तू जुने कंडेन्सर वापरलेस, हो ना? तुझ्या बाबांच्या, विन्हदादाच्या डब्यातले? तो डबा मी हायफाँग सोडलं तेव्हाही जुनाच होता.

सोबत नवे पाठवतोय. बदलण्याआधी सेट बंद कर, कॉर्ड भिंतीतून काढ आणि कंडेन्सर रिकामे झालेत याची मीटरने खात्री कर. चालू सेटमध्ये मोजताना एक हात खिशात, म्हणजे वीज छातीतून जायची नाही. विजार ओली असेल तर कोरडी घाल, ओल्या खिशात हात घालून पुण्य नाही. हे मी थट्टेत लिहितोय, पण थट्टेत घेऊ नकोस. दोनशे व्होल्ट कुणाची पुतणी आहेस ते विचारत नाहीत.

आणि क्वेतला मोबाइलची कव्हरं विकायची आहेत? आमच्या बापाने ज्या बाकावर बसून जहाजांचे रेडिओ दुरुस्त केले त्या बाकावर? माझ्या डोक्यात तिडीक गेली. तू जिंकायचं आहेस. मी आहे ना.

विन्हदादाला यातलं काही बोलू नकोस. मी शिकवलं म्हणून कळलं तर तो सेट खिडकीतून फेकेल आणि मागोमाग मला.

तुझा काका,
तुओंग

०

हायफाँग, २१ फेब्रुवारी

काका,

कंडेन्सर बदलले. चारही. एक हात खिशात ठेवून मोजलं, खिसा ओला नव्हता.

काही फरक नाही. उलट आज सकाळी काटा एकशेतीसवर होता. दुपारी दोनपर्यंत वर आला नाही. मग मी व्हॉल्व्ह अदलूनबदलून पाहिले, ट्रान्सफॉर्मरमधून निघणारा पुरवठा मोजला, तो ठणठणीत आहे. कंडेन्सरपर्यंत सगळं बरोबर पोचतं. त्यापुढे दोनशेवर धरून ठेवणारी जी छोटी पट्टी आहे ना, नियंत्रकाची, तिथून बाहेर येताना कमी होतं. त्यावरचे सगळे भाग सुटे करून मोजले. प्रत्येक भाग चांगला आहे! सगळे चांगले आणि एकत्र बसले की चोर. मेळाव्याच्या समितीसारखं झालंय.

दादा काल टेप घेऊन आला होता. बाकाची लांबी मोजली. मी विचारलं, बाक कशाला मोजतोस, तो तर जाणार आहे ना? म्हणाला, दारातून बाहेर निघेल का ते बघतोय. तो वाईट नाही, काका. त्याला दोन मुलं आहेत आणि कव्हरं खरंच विकली जातात. पण त्या क्षणी मला त्याला टेपने गुंडाळावंसं वाटलं.

बाबा अंथरुणातून सगळं ऐकतात. सकाळी घरघर सुरू झाली की डोळे मिटून घेतात. मदत करणार नाही म्हणाले ते खरंच करत नाहीत, आणि मीही विचारणार नाही.

माझी अक्कल संपली. हे पत्र सेटच्याच खोक्यात ठेवतेय. रेल्वेत लोक नावाचे एक गार्डकाका ओळखीचे आहेत, ते सायगॉनला स्वतः तुमच्या हातात देतील. नीट बघा. व्हॉल्व्ह वेगळे गुंडाळलेत.

मिएन

०

सायगॉन, १ मार्च

मिएन,

बस. पाणी पी. मग वाच.

तुझ्या सेटमध्ये काहीही दोष नाही.

खोकं उघडलं, व्हॉल्व्ह बसवले, भिंतीत लावला, दोनशे. सकाळी दोनशे, दुपारी दोनशे, झोपायच्या वेळी दोनशे. काटा रंगवून ठेवल्यासारखा. तीन दिवस चालवला. टपरीवरच्या सगळ्यांनी ऐकला. शेजारचा नूडलवाला हेडफोन घालून बसला तो उठेना, त्याचं गिऱ्हाईक ओरडायला लागलं. तुझी साउ काकू, जिला माझ्या आयुष्यभराच्या कामातून फक्त धूळ दिसली, ती म्हणाली, "हा तुझ्यापेक्षा गोड आहे." मी झाकण काढून तासभर शोधलं की पोरगी कुठे चुकलीय. नाही चुकलीस. हे लिहिताना मला थोडा त्रास होतोय, पण लिहितो.

तेव्हा आता तुझ्या घराकडे बघू. दुकानाची वायरिंग आमच्या बापाच्या काळची आहे. सॉकेट सैल असेल. किंवा सकाळी गल्लीत सगळे भात शिजवतात म्हणून वीज कमी येत असेल. किंवा, रागावू नकोस, नवा माणूस परीक्षेच्या भीतीने नको तिथे घरघर ऐकतो. मलाही पहिल्या वर्षी तसंच व्हायचं.

एक उपाय मात्र कर. सेट कोंदट जागी ठेवू नकोस. तुमचं दुकान म्हणजे डबा आहे. झाकण काढ, सगळ्या खिडक्या उघड, टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लाव. हवा खेळू दे! माझ्या टपरीवर चार बाजूंनी वारा असतो, म्हणून माझ्याकडे कुठलाही सेट आजारी पडत नाही.

गार्ड लोकबरोबर परत पाठवतोय. सोबत लाप सुआंग सॉसेज आहेत. त्यांनाही हवा लागू दे.

तुओंग

०

हायफाँग, ७ मार्च

काका,

सॉकेट नवं बसवलं. शेजाऱ्यांकडून स्टॅबिलायझर आणला, भिंतीतून येणारी वीज जागची हलत नाही. घरघर तीच.

मग तुमचं ऐकलं. झाकण काढलं, खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि झोपले. सकाळी काटा नव्वदवर! हेडफोनमध्ये आधी कुणी कागद फाडल्यासारखा आवाज, मग घरघर, मग काहीच नाही. मेला. आठ वाजता मेला, दुपारी तीनला जिवंत झाला आणि संध्याकाळी पुन्हा मेला.

वीज चांगली, भाग चांगले, कंडेन्सर नवे. तुमच्याकडे तीन दिवस गातो आणि माझ्याकडे येऊन प्राण सोडतो. आता एकच उरलं, की दोष माझ्यात आहे. दादा तसं म्हणाला नाही. नुसता उभा राहून बघत होता, आणि ते जास्त लागलं.

खरं सांगू का, मला भीती वाटतेय. हरण्याची नाही. दुकान गेल्यावर बाबा दिवसभर कशाकडे बघत पडतील, त्याची.

सॉसेजला बुरशी आली.

मिएन

०

सायगॉन, १२ मार्च

मिएन पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला कळत नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही, म्हणून जपून ठेव.

आता वेळ उरलेला नाही, तेव्हा डोक्याने वागू. सोबतच्या खोक्यात माझा स्वतःचा हेडफोनचा सेट आहे. गेल्याच वर्षी बांधला, तुझ्यासारखेच व्हॉल्व्ह, तीच मांडणी. पुढचा पत्रा काढून तुझा लाव. कुणाला कळणार नाही. निकाल देणाऱ्या दाक आजोबांचे कान तेवढे तिखट आहेत, पण ते ऐकतात, आत उघडून बघत नाहीत. विन्हदादाचा हात चालत नाही, तोही स्क्रू काढणार नाही.

ही लबाडी आहे, माहीत आहे. पण तू सेट बांधलास आणि तो उत्तम चालतो हे मी कानांनी ऐकलंय. म्हणजे तू परीक्षा पास झालीसच, फक्त चुकीच्या गावात. दुकान वाचव. बाकीचं पाप माझ्या खात्यावर.

तुओंग

०

हायफाँग, १९ मार्च

काका! काका! काका!

तुमचा सेट कोपऱ्यात ठेवलाय, पुढच्या पत्र्याला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. का ते सांगते. सापडलं!

तुमचं खोकं आलं त्या दिवशी मी खिडक्या उघड्या टाकून, पंखा लावून, डोकं धरून बसले होते. आई आत आली, फरशीवर सर्रकन घसरली, दाराला धरून कशीबशी सावरली आणि अशी कडाडली की बाबासुद्धा उठून बसले. "नोममध्ये खिडक्या उघड्या? कुणी सांगितलं तुला?" मी हळूच म्हटलं, काकांनी. आईने कपाळाला हात लावला, मग बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात म्हणाली, "त्या सायगॉनच्या माणसाला काय कळतंय नोममधलं! हवेतच पाणी आहे, ते घरात घेतेस आणि वर पंख्याने सगळीकडे पसरवतेस?" धडाधड खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत पोतं कोंबलं, कपड्यांसाठी पेटवलेली कोळशाची शेगडी आणून मध्ये ठेवली आणि माझ्या हातात पोछा दिला.

मी फरशी पुसून उठते तो काटा एकशेऐंशीवर! सकाळी अकरा वाजता. गेल्या महिन्याभरात तो कधी दुपारच्या आत तिथे आला नव्हता.

मी वाकून नियंत्रकाची पट्टी जवळून बघायला गेले. डावा हात खिशात, उजवा पाठीमागे. वाकले आणि काटा पडला. मागे सरले, काटा चढला. वाटलं, माझ्या सावलीला भितोय की काय. पुन्हा वाकले, पुन्हा पडला. आणि मग कळलं, काका. माझा श्वास! मी हाऽऽ करून फुंकर घातली, काटा थेट एकशेवीसवर. थांबले, वर आला. आई म्हणाली, "वेडी झालीस का, त्याला फुंकर कसली घालतेस, भाजलंय का त्याला?"

मग उसाच्या रसाची लांब नळी आणली आणि तिच्यातून एकेका ठिकाणी श्वास सोडला. कंडेन्सरवर काही नाही. ट्रान्झिस्टरवर काही नाही. एका कोपऱ्यात, जिथे ते दोन मोठे रेझिस्टर आहेत, तिथे श्वास लागला की काटा कोसळायचा. हे दोघंच तर नियंत्रकाला सांगतात, व्होल्टेज किती झालं ते. त्यांच्यातून जाणारी वीज इतकी थोडी, की शेजारी ओलसर वाट मिळाली तरी ती तिकडून पळते. मग नियंत्रकाला खोटा निरोप मिळतो, फार झालं, कमी कर. आणि तो बिचारा कमी करतो. प्रत्येक भाग चांगला होता, कारण चोर भागात नव्हताच, दोन भागांच्या मधल्या जागेत होता.

सेट बंद केला, कॉर्ड काढली, कंडेन्सर रिकामे झाले ते बघितलं आणि त्या कोपऱ्यावर बोट लावलं. चिकट! पेस्ट, काका. ती आरशासारखी चमकणारी. टाक्यांच्या भोवती थर राहिला होता आणि तो हवेतलं पाणी पितो. सायगॉनला आत्ता हवा कोरडी खडखडीत, म्हणून तुमच्याकडे तो शहाण्यासारखा वागला. तापल्यावर थर सुकायचा, म्हणून दुपारी बरा व्हायचा. आणि तुम्ही मला त्याच्यावर पंख्याने नोम मारायला सांगितलंत! तुमचा जन्म हायफाँगचाच ना? की आई म्हणते तसं तेही अर्धंच खरं धरायचं?

पट्टी सोडवली. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन धुतली, पुन्हा धुतली, शेगडीजवळ दिवसभर सुकवली. नव्याने सोल्डर केली ती राळ वापरून, फक्त राळ. मग सुताराकडून लाखेचं पॉलिश आणून वर दोन हात दिले. बाबांच्या जुन्या सेटमधल्या पट्ट्या तपकिरी आणि गुळगुळीत का असतात ते आज कळलं. मी लहानपणापासून समजत होते, ते शोभेसाठी करतात.

काल मुद्दाम सगळ्या खिडक्या उघडून झोपले. आईच्या शिव्या खाल्ल्या. सकाळी भिंतीवरून पाणी ओघळत होतं. सेट लावला. दोनशे. वाकून फुंकर घातली. दोनशे. गाल दुखेपर्यंत फुंकर घातली. दोनशे!

मी नाचले. आई पण नाचली, शेगडीभोवती. आतून बाबांनी खोकून विचारलं, काय चाललंय. आई म्हणाली, उंदीर निघाला.

तुमची (अजून थोडी रागावलेली),
मिएन

०

सायगॉन, २४ मार्च

मिएन,

सकाळपासून तुझी काकू येईल त्याला तुझं पत्र वाचून दाखवतेय. "फुंकर घातली" इथे आली की तिला हसू आवरत नाही, आणि पंख्याच्या ओळीला तर ती माझ्याकडे बोट दाखवते. नूडलवाला मला आता पंखा म्हणतो.

विसरलो, बाई. पंचवीस वर्षं इथे राहिल्यावर नोम विसरलो. भिंतींना घाम येतो हेच डोक्यातून गेलं होतं. तू लिहिलंसही होतंस पहिल्याच पत्रात, आणि मी ते हवापाण्याच्या गप्पा म्हणून सोडून दिलं.

आणि शाबास! असा दोष मी कधी पकडला नव्हता. फुंकरीने तर मुळीच नाही. माझी छाती इतकी फुगलीय की शर्टाचं बटण तुटलं.

माझा सेट परत पाठवू नकोस. मेळाव्यात तुझ्याशेजारी मांड, नाव न सांगता, सायगॉनचा पाहुणा म्हणून. त्यातही तीच पेस्ट आहे, पण मी वरून फडक्याने पुसली होती. अनुभवी हाताला तेवढं पुरतं.

तुओंग

०

हायफाँग, २९ मार्च

प्रिय काका,

अनुभवी हाताला तेवढं पुरलं नाही. तुमचा सेट पावणेदहाला गेला.

पण सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, मेळावा नोममध्ये होतो कारण नाविकांचं ते सभागृह तेव्हाच रिकामं मिळतं, असल्या दिवसांत तिथे लग्न कोण लावणार. काल तर नोमचा कहर होता. जिन्यावरून पाणी वाहत होतं, लोक भिंतीला धरून चालत होते. एकवीस सेट मांडले होते. दर वर्षी सकाळभर सगळे सेट कुरकुरतात, आणि दर वर्षी सगळे एकमेकांना म्हणतात, "तो नोम आहे, दोष नव्हे," आणि चहा पितात. बाबांचा सेट तेवढा कधी कुरकुरायचा नाही, पण ते बाबांच्या हाताचं नशीब असं सगळे धरून चालायचे.

दादाने बाबांना मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं, मागे आई धरून. मी सेट लावला. माझ्या शेजारी तुमचा. सात वाजता दोन्ही गात होते. आठला इकडेतिकडे कागद फाटायला लागले. नऊला निम्मं सभागृह घरघरत होतं. दाक आजोबा, जे गेली कित्येक वर्षं प्रत्येक सेट ऐकून निकाल देतात, ते एकेका टेबलापाशी डोळे मिटून हेडफोन लावायचे आणि म्हणायचे, "नोम." पुढचं टेबल, "नोम." तुमच्या सेटपाशी आले, "हा सायगॉनचा? याला तर जोरात नोम झालाय."

मग माझा. हेडफोन लावले. डोळे मिटले. त्यांनी आवाजाचं बटण शून्यावर आणलं, म्हणजे गाणं जाऊन उरेल ती फक्त घरघर. ऐकलं. मग पूर्ण वर नेलं, रेकॉर्ड थांबवून. पुन्हा ऐकलं. डोळे उघडून मला विचारलं, "चालू आहे ना हा?"

काका, मी हसले आणि तेव्हाच रडले.

"चालू आहे," मी म्हटलं. "गाणं लावू का?" त्यांनी मान हलवली. पूर्ण गाणं ऐकलं. मग हेडफोन काढून बाबांकडे गेले आणि ते त्यांच्या कानांवर ठेवले. बाबा तसेच बसून राहिले. जेवायची वेळ झाली तरी कान सोडेनात. आईने खेकड्याच्या नूडल्स आणल्या तर हेडफोन घालूनच खाल्ल्या, डाव्या हाताने.

चारच्या सुमारास त्यांनी डाव्या हातानेच तुमच्या सेटचं झाकण सरकवलं. (सैल बसवलं होतंत तुम्ही.) आत एकदाच बघितलं. "हे सोल्डर तुओंगचं आहे," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "त्याला विचारलंस?"

खोटं बोलता आलं नाही. हो म्हटलं. "काय सांगितलं त्याने?"

"सगळ्या खिडक्या उघड आणि पंखा लाव म्हणाले."

बाबांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, मला वाटलं पुन्हा झटका आला. आई धावली. पण ते हसत होते, काका! आजारपणानंतर पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "नोममध्ये... पंखा..." एवढंच म्हणायचे आणि पुन्हा हसायचे. मग म्हणाले, "म्हणजे याची मदत घेऊनही तू सेट बरा केलास. ही परीक्षा मी ठेवली होती त्याहून अवघड झाली."

साडेपाचला मी सेट बंद केला. दिवसभरात एकदाही कुरकुरला नव्हता. तोपर्यंत टेबलाभोवती गर्दी जमली होती. नोम म्हणजे नोम, त्याला इलाज नाही असं समजून आयुष्य काढलेली ही माणसं, त्यांना अचानक दिसलं की इलाज आहे. सगळे बाबांना घेरून उभे. विन्हभाऊ, आमचाही बघता का? विन्हभाऊ, कधी आणू? विन्हभाऊ, उद्या आहात का दुकानात?

बाबांनी हेडफोन गळ्यात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काय विचारता? दुकान हिचं आहे. हिला विचारा."

दादा माझ्यामागेच उभा होता. मला वाटलं आता काहीतरी लागट बोलेल. तो म्हणाला, "मग त्या खडूच्या खुणा पुसायला हव्यात," आणि खरंच थेट दुकानात जाऊन पुसून आला. कव्हरांसाठी त्याने बाजारात कोपऱ्यावरचा गाळा बघून ठेवलाय. तिथले दिवे मी बसवून देणार आहे.

आज सकाळी शटर मी वर केलं. दारात पाच जण उभे होते, प्रत्येकाच्या हातात फडक्यात गुंडाळलेला सेट. चौथे दाक आजोबा. मला कसंतरी झालं. म्हटलं, "आजोबा, तुम्ही कशाला उभे राहता, आत या ना, तुमचं आधी बघते."

ते जागचे हलले नाहीत. "नको," म्हणाले, "नंबराने घे."

तुमची,
मिएन